फणसाची फळी

फळी पुन्हा मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवून स्वप्नाने हँडल पाव फेरा फिरवून ड्रम खाली घेतला. ड्रमला गुंडाळलेला सँडपेपर लाकडाला लागला आणि गोठा घुमायला लागला. ती धावत मशीनच्या पलीकडे गेली, बाहेर येणारी फळी दोन्ही हातांनी घेतली आणि तशीच वळसा घालून अलीकडे आली. पुन्हा हँडल. पुन्हा पलीकडे.

खरं तर हे काम दोघांचं. एकाने फळी आत सारायची, दुसऱ्याने पलीकडे उभं राहून ती घ्यायची. आत सारणारा देवेश, तिचा नवरा, जहाजावर इंजिन सांभाळायला होता, आणि त्या जहाजाच्या इंजिनरूमला परवा भर समुद्रात आग लागली होती. काहीजण लाइफबोटीत सापडले, काही सापडले नाहीत. कोण कोण, ते दुपारपर्यंत फोन करून कळवतो, असं कंपनीचा माणूस सकाळी म्हणाला होता.

तो फोन पडवीत सासूजवळ होता. नर्मदाबाई खरोखरच देव पाण्यात घालून बसल्या होत्या. एका बाजूला ताम्हन, दुसऱ्या बाजूला फोन.

गुरं विकून गोठ्यात असलं धूड आणणारा तोंडवली गावात देवेशच पहिला. लोक म्हणाले, हौसेला मोल नाही. दूध द्यायचं नाही आणि वीज मात्र प्यायची. नर्मदाबाईंना तर त्याचा आवाज सोसायचाच नाही. वाळत घातलेल्या कोकमांवर भुसा बसला की त्या मशीनला उभ्या उभ्या शिव्या घालायच्या. पण देवेशने तो ड्रम सँडर निवडला होता स्थळ बघावं तसा, दहा दोष काढून. एक होता दोन्ही बाजूंनी बंद, मजबूत, पण अरुंद. दुसरा एका अंगाने उघडा; रुंद फळी अर्धी घासून घ्यायची, मग फिरवून उरलेली अर्धी. जहाजावरून त्याने बायकोला फोनवर दोन्ही दाखवले.

"खंयचो घेवया गो?"

"ज्येच्यात आमचो टेबल मावात तो," ती म्हणाली होती.

म्हणून उघडा आला. टेबलाची फळी हीच. फणसाची, हळदीसारखी पिवळी. गेल्या खेपेला निघताना त्याने सांगितलं होतं, "सावकाश घासून ठेव. हावरेपणा केलंस तर लाकूड करपता. पाय मिया इल्यावर लावतंय."

तिने अजिबात हावरेपणा केला नव्हता. फळी सकाळीच तयार झाली होती, गाल टेकावा इतकी गुळगुळीत. तेव्हाच थांबायचं होतं. पण तिला भीती वाटत होती. हातपाय गळून जावेत अशी भीती, आणि ते गळू नयेत म्हणून ती फळी घालत होती, धावत होती, घेत होती, परत घालत होती. ऊन डोक्यावर आलं. नाकातोंडात भुसा गेला. घशाला कोरड पडली तरी ती पाणी प्यायला थांबली नाही.

एकदा ती पलीकडे पोचायच्या आतच कुणीतरी फळीचं टोक धरलं. भुशाच्या धुरळ्यात नुसते दोन हात दिसले. स्वप्ना धावता धावता जागीच थांबली.

हात धाकट्या दिराचे होते. सर्वेश बंदरावर चौकशी करून आला होता. त्याच्याकडे नवीन काही नव्हतं, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. त्याने फळी उचलून आडवी धरली. घासून घासून पातळ झालेली ती मधोमध वाकली.

"वयनी, ह्यो टेबल?" मशीनच्या आवाजावर तो ओरडला. "ह्येच्यावर पेलो ठेवलंस तरी मोडात!"

"दी हय."

"पुरे झाला. बंद कर ता."

"बंद केलंय तर फोन ऐकाक येतलो."

"येवकच व्हयो मगे!"

"आणि तो नाय म्हणान सांगल्यानी तर?"

 सर्वेशने लाल बटणाकडे हात नेला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याने दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

ड्रम फिरत फिरत मंदावला आणि थांबला. सगळीकडे एकदम शांत झालं.

पडवीत फोन वाजत होता.

कधीपासून वाजत होता कोण जाणे. वाजून वाजून बंद झाला. लगेच पुन्हा वाजायला लागला.

"आये! फोन उचल!" सर्वेशने हाक मारली. कुणी उचलला नाही. स्वप्ना मशीनला धरून खाली बसली. सर्वेश दाराकडे धावला आणि उंबऱ्यातच थबकला.

समोर नर्मदाबाई उभ्या होत्या. केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. स्वयंपाकघरातला बसायचा पाट त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"आये, फोन वाजता!"

त्यांनी मुलाकडे पाहिलंच नाही. त्याला बाजूला सारून त्या सरळ आत आल्या आणि पाट मशीनच्या पट्ट्यावर ठेवला.

"थांबलंस कित्याक गो?" त्या सुनेला म्हणाल्या. "ह्यो घाल. जाडो आसा. खूप वेळ पुरात."