मिठाची पुडी

संध्याकाळी ओली गोणपाटं गव्हाच्या ओळींमधून अंथरायची आणि सकाळी ती उलटून खाली जमलेल्या गोगलगायी बादलीत वेचायच्या. नुकते उगवलेले कोंब वाचवता वाचवता शेतकऱ्याच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. निदान बादली रिकामी करायचं काम तरी वडलांनी अंगावर घेतलं होतं. गुडघे गेल्यापासून दारातल्या बाकड्यावर नुसता बसून असलेला म्हातारा, "बाबा, चला, बादली भरली!" अशी हाक आली की काठी टेकत लगबगीनं निघायचा. वरून मीठ टाकायचं आणि मेल्या की खड्ड्यात ओतायच्या, एवढंच काम; पण जेवताना त्याच्या गप्पा दुसऱ्या कशाच्या नसायच्या.

गोगलगायी मात्र काही केल्या कमी होईनात. रोज बादली तेवढीच भरायची आणि रोज नवे कोंब कुरतडलेले दिसायचे.

"माझ्याच्यानं नाही होत आता. औषधाचे दाणेच आणून टाकतो," तो बायकोला म्हणाला आणि तेच सांगायला वडलांच्या मागोमाग बांधावर गेला.

म्हातारा बांधावरच्या ओल्या गवतात बादली हळूच आडवी करत होता. मिठाची पुडी खिशात तशीच होती, न फोडलेली.

"बाबा! अहो, पीक चाललंय माझं!"

मान वर न करता म्हातारा म्हणाला,



"या संपल्या, तर सकाळी मला हाक कशाला मारशील तू?"