एकमताने मंजूर

मोटारींचे आरसे बनवणाऱ्या त्या कंपनीच्या संचालक मंडळात सगळे घरचेच होते, आणि अध्यक्ष अर्थातच थोरले दादा. दादांनी ठराव वाचायला घ्यावा आणि तो पुरा व्हायच्या आत धाकटा भाऊ, बहीण, मेहुणा आणि जावई यांचे हात वर जावेत, अशी वर्षानुवर्षांची वहिवाट. एका हातात चहाचा कप, नजर बिस्किटांवर. यंदा नव्या ऑडिटरने मात्र दादांना तोंडावर सांगितलं, "साहेब, हे कसलं मंडळ, नुसते नंदीबैल आहेत. तुम्ही काय वाचता, ते कुणी ऐकतसुद्धा नाही."

दादांना ते झोंबलं, पण गंमतही वाटली. एकदा परीक्षाच घेऊ सगळ्यांची, असं मनाशी ठरवून पुढच्या बैठकीत त्यांनी गोदामाचं छप्पर आणि कँटीनचे पंखे या दोन ठरावांच्या मधे, त्याच रटाळ सुरात, आणखी एक ठराव दडपून वाचला. "अध्यक्षांना आजपासून पदमुक्त करण्यात यावे, आणि त्यांनी घरी बसून विश्रांती घ्यावी."

सगळ्यांनी कप खाली ठेवले आणि हात वर केले.

दादा पोट धरधरून हसले. "अरे गाढवांनो, ऑडिटर खरंच बोलला की. मी काय वाचलं, ते एकाच्याही कानात शिरलं नाही."

 

बहीण हात तसाच वर ठेवून म्हणाली, "नाही दादा, आज पहिल्यांदाच सगळ्यांनी नीट ऐकलं."