तैपेईच्या वड्या

आमच्या नागोयाच्या ऑफिसात नुसतं दमलो म्हणून कुणी रजा मागत नाही. फिरायला जायचं कारण मात्र चालतं, फक्त येताना सगळ्यांसाठी खाऊ आणायचा. म्हणून मी तैपेई आणि हाँगकाँगचा बेत दोन आठवडे सगळ्यांशी बोलून आखला, आणि रजेभर पडदे ओढून घरात झोपून राहिले.

सोमवारी कुसाकाबेसाहेबांपुढे तैपेईची खासियत म्हणून अननसाच्या वड्यांचा डबा धरला. ते स्वतः मागच्याच महिन्यात कोरियात, सोल शहरी जाऊन आलेले.

"कसं होतं तैपेई?"

"उकडत होतं."

त्यांनी डबा उलटा केला. आपल्याच स्टेशनमागच्या दुकानाचं लेबल काढायचं राहून गेलं होतं. ते त्यांनी नखानं खरवडून काढलं आणि डबा परत माझ्या हातात दिला.



"माझंही सोल याच दुकानातलं," ते हळूच म्हणाले.