आंब्याखालचं घर

नव्या विकास आराखड्याची नोटीस घेऊन भागोजीकाका चौथ्यांदा कार्यालयात आले. "साहेब, 'प्रस्तावित विनाबांधकाम हरित पट्टा' म्हणजे काय, ते एकदा मराठीत सांगा."

"म्हणजे तुमच्या जागेत आज घर नाही, आणि पुढेही असता कामा नये."

"अवो, घर हाय! आज्याच्या वेळेपासून हाय, आंब्याखाली."

साहेबांनी नकाशा पुढे सरकवला. "उपग्रहाच्या फोटोत नुसती झाडं दिसतात, काका. छप्पर कुठाय?"

"मग काय, कलमं तोडून दाखवू?"

"छे, छे! हरित पट्ट्यात झाड तोडायला बंदी आहे."

काकांनी कपाळाला हात लावला. "मग मी करू तरी काय?"

"लेखी हरकत द्या," साहेब समजुतीने म्हणाले. "महिन्याभरात उत्तर तुमच्या घरी येईल."