घोड्याचं हॉटेल

लग्नापासून डोक्यात असलेल्या व्हिएन्नाला जायचं ठरलं, पण तिथल्या दोन ऐतिहासिक हॉटेलांपैकी कुठलं घ्यायचं, यात अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या हिमानीचा अख्खा उन्हाळा गेला. एकात सम्राट राहून गेला होता, दुसऱ्यात त्याचा घोडा. तिचा नवरा यतीन सम्राटाच्या बाजूने होता. हिमानीने सरळ दोन्हीकडे फोन लावून विचारलं, "बाथरूममध्ये टमरेल मिळेल का?"

सम्राटवाल्यांनी फोन ठेवला. घोडेवाल्यांच्या रिसेप्शनवरच्या फ्रान्झने मात्र टमरेल म्हणजे काय ते नीट समजून घेतलं, दोन-चार शंका विचारल्या आणि स्वतः दुकानात जाऊन एक लाल टमरेल आणलं. घोडा जिंकला.

बुकिंग झाल्यावर यतीनला आठवलं, की पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाची मुदत कधीच संपलीय. "एकदा बाहेर पडलो ना, तर परत आत कधी घेतील सांगता येत नाही यार."

हिमानीने जड मनाने फ्रान्झला फोन करून सगळं सांगितलं आणि बुकिंग रद्द केलं.

"मॅडम, एप्रिलमध्ये मी आणि बायको अमेरिकेला येतोय. आमचंही दोन हॉटेलांत अडकलंय. दोन्ही ऐतिहासिक."

"हॉटेल कशाला? आमच्याकडेच या. घर नवंच आहे, सम्राट वगैरे कुणी राहिलेलं नाही."

"ते चालेल," फ्रान्झने आवाज खाली आणला. "पण टमरेल असेल ना? आता त्याच्याशिवाय आमचं दोघांचंही अडतं."