उलटं फिरणारं इंजिन

वायरमनचा खालचा ओठ फुटला तेव्हा इंजिन अजून एकदाही चालू झालेलं नव्हतं.

मिस्त्रीने हातातला पाना उलट्या हाताने फिरवला होता. फार जोराने नव्हे. कामाच्या वेळी तो जोर राखून असे. स्टिअरिंगमागे बसलेल्या वायरमनने रक्त बाहीला पुसलं आणि मांडीवरचा लॅपटॉप सरळ केला. गाडी एका कंपनीची, इंजिन दुसऱ्याच कंपनीचं, आणि ते चालवायचं होतं गाडीच्या मूळ ईसीएमने, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते ठरवणाऱ्या चपट्या डबीने. पिस्टन कुठे आहे हे त्या डबीला इंजिनाच्या पुलीवरच्या दातेरी चकतीवरून कळतं. चकतीला एका जागी दोन दात मुद्दाम नसतात. त्या फटीपासून एकोणिसावा दात आला की पिस्टन वर. मिस्त्रीने एकोणीस दात स्वतः मोजले, चकती स्वतः वेल्ड केली.

मोजले ते भलत्या बाजूने. आयुष्यभर त्याने खोललेली सगळी इंजिनं घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत होती. हे उलटं फिरणारं होतं. वायरमनने तेवढंच सांगितलं होतं.

"दाजी," तो पुन्हा म्हणाला, "चकती चुकीच्या जागी बसलीय. व्हॉल्व्ह उघडा असतानाच ठिणगी पडेल. भडका बाहेर येईल."

मिस्त्री शेजारच्या गाडीखाली पडलेल्या डेंटरला म्हणाला, "ऐकलंस का रे? आमचे मेहुणे आता आम्हाला इंजिन शिकवणार." मग ईसीएमवर पान्याने टकटक केलं. "परक्या घरातून आलेली सून आहे ही. आधी रुसते. दोन कानाखाली बसल्या की नांदते मुकाट्याने."

गाडीखालून डेंटर हसला. मिस्त्री विनोद करायचा तेव्हा हसणं बरं असायचं.

वायरमनने ऑफिसच्या काचेकडे पाहिलं. आत ताई जॉबकार्डं भरत होती. तिचा डावा डोळा सुजून पार मिटला होता. सकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा तिने बॉनेट लागल्याचं सांगितलं. ती कधी बॉनेटजवळ फिरकत नाही, हे डेंटरलाही माहीत होतं.

मिस्त्रीने पेट्रोलची बाटली उचलली. इंजिन अडून बसलं की हवा ओढणाऱ्या नळीत थेट पेट्रोल ओतायचं, ही त्याची जुनी रीत. त्याने फिल्टर काढून टाकला, पेट्रोल ओतलं आणि बाटली हातात धरूनच नळीच्या तोंडावर कान देऊन वाकला. इंजिनाचं दुखणं आपल्याला कानाने कळतं, असं तो सगळ्यांना सांगत असे.

फ्यूजबॉक्स वायरमनच्या गुडघ्याजवळ उघडाच होता. कॉइलचा फ्यूज ओढला की ठिणगी बंद. इंजिन नुसतं गरगरेल, दाजी शिव्या घालेल, आणखी एक पाना बसेल. एवढंच. त्याने फ्यूज चिमटीत धरला.

"बहिणीवरच गेलायस तू," मिस्त्री वाकल्या वाकल्या म्हणाला. "मार सेल्फ."

वायरमनने चिमूट सोडली आणि सेल्फ मारला.

पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला नळीतून भडका उठला, बाटलीला भिडला, आणि बाटली मिस्त्रीच्या हातात फाटली. छाती पेटली, मान पेटली, केस पेटले. ओरडायला त्याने तोंड उघडलं ते जाळातच. तो मागे सरकत खांबावर आदळला, खाली पडला आणि जळत्या हातांनी स्वतःचंच तोंड बडवू लागला. वायरमनने भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढला, पिन उपसली आणि त्याच्यावर पुरता रिकामा केला. उशीर केला असं कोणी म्हणू शकलं नसतं.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मिस्त्री जिवंत होता. त्याला बोलता येत नव्हतं. स्ट्रेचरवरून त्याने वायरमनकडे हात उचलला. डेंटरने तो हळूच खाली ठेवला आणि त्याच्यासोबत गाडीत चढला.

गॅरेजभर पांढरी पावडर पसरली होती. तिच्यात पावलं उमटवत ताई गाडीपाशी आली आणि फ्यूजबॉक्सकडे बघत राहिली.

"फ्यूज काढता आला असता," ती म्हणाली. "आठ वर्षं बसतेय मी इथे. एवढं कळतं मला."

त्याने फ्यूजबॉक्सचं झाकण लावलं.

"पोलीस विचारतील. चकतीचं ह्यांना सांगितलं होतंस?"

"दोनदा सांगितलं, ताई."

तिने उघड्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"आणि ऐकलं असतं तर? दुसऱ्यांदा कशाला सांगितलंस?"