किल्ली करदोड्याला

"अकरा दहाचा मुहूर्त हाय आणि अकरा वाजून गेलं," धैर्यशील म्हणाला. "कुलूप काढ, क्रांती."

"किल्ली माझ्याकडं न्हाय, साहेब."

"मग कुणाकडं?"

"गुंडूमामाकडं. शेवटचा हात ज्याचा आत, किल्ली त्याच्याकडं."

खंडेनवमीचा दिवस. शिरोलीतल्या त्या फाउंड्रीत झाडून सगळ्या यंत्रांना हळदीकुंकू लागलं होतं, लेथपासून चहाच्या स्टोव्हपर्यंत. राहिली होती एकटी भट्टी, आणि भट्टी तापणार होती नव्या ब्रेकरवर, म्हणजे विजेच्या मोठ्या खटक्यावर; फाउंड्रीची बाकीची वीजही त्यातनंच यायची होती. क्रांतीनं आणि गुंडूनं दोन दिवस राबून तो बसवला होता. एकेक नट मापानं आवळला, आवळलेल्या नटावर लाल रेघ मारली, आणि आत काम चालू असताना कुणी चुकून वीज सोडू नये म्हणून ब्रेकरच्या हँडलला कुलूप घातलं. किल्ली एकच. ती गुंडूनं करदोड्याला बांधली होती, कारण खिशातल्या वस्तू हरवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या शिरोलीत कुणी नव्हता.

आता कुलूप होतं आणि गुंडू नव्हता.

"सायकल न्हाय त्याची जाग्यावर," वॉचमननं छातीठोक सांगितलं. "पूजा हाय म्हणून आंघोळीला घरला गेला असणार."

क्रांतीनं फोन लावला. तो तिथंच खुंटीवर वाजला, गुंडूच्या डब्याच्या पिशवीत. शेजारच्या कारखान्यात हलगी कडाडत होती, त्यात तो धड ऐकूही आला नाही.

"पिशवी हितंच हाय त्याची," ती म्हणाली.

"विसरला असंल. तो काय विसरत न्हाय? ग्राइंडर आणा रं, कापा ते कुलूप."

कुणी हललं नाही. शेवटी वॉचमनच म्हणाला, "साहेब, ग्राइंडरला लाइट कुठं हाय?"

सगळे हसले. धैर्यशील नाही हसला. त्याची आई झुंबरबाई आरतीचं ताट मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. तिनं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा लेकाकडं. पन्नाशीच्या मालकाचे कान लाल झाले. त्यानं स्वतःच छन्नी-हातोडा उचलला.

क्रांती आडवी आली. नोकरीला लागून आठ महिने झालेले, आणि मालकाच्या हातातल्या हातोड्यापुढं उभं राहायचं म्हणजे चेष्टा नाही. ब्रेकर बसवलेल्या पॅनेलच्या मागच्या बोळकांडीत एकदा बघून यावं असं तिला फार वाटत होतं. पण तिकडं वळावं, तर इकडं हे कुलूप फोडून मोकळे.

"मामा समोर दिसल्याबिगर वीज सोडायची न्हाय, साहेब. सगळ्यांनी हितं उभं ऱ्हायचं, आपापलं नाव सांगायचं, मगच हँडल. असंच ठरलंय."

"ही काय शाळा हाय व्हय, हजेरी घ्यायला?"

"नोकरी काढून घ्या पायजे तर. कुलूप न्हाय मिळायचं."

"अगं, तो गेलाय म्हणून सांगत्यात न्हवं सगळी. आता ह्या पत्र्यात काय देव बसलाय?" आणि धैर्यशीलनं रागारागानं हातोडा पॅनेलच्या पत्र्यावर दाणकन हाणला.

"मी हाय, साहेब," पत्र्याच्या आतनं आवाज आला. "हळू हाणा की."

हलगी वाजतच होती, पण ती कुणाला ऐकू येईनाशी झाली.

बोळकांडीतनं गुंडू अंग चोरत बाहेर आला. केस ओले, कपाळाला गंध, हातात झेंडूच्या माळेचा उरलेला तुकडा. आंघोळ त्यानं फाउंड्रीच्या हौदावरच उरकली होती. सायकल मोल्डिंगचा विश्वजित घेऊन गेला होता, आणखी फुलं आणायला. आणि नवा ब्रेकर नुसता पुढूनच पुजायचा, हे गुंडूच्या मनाला पटलं नव्हतं. म्हणून मागचं झाकण काढून तो आतल्या तांब्याच्या पट्ट्यांना हार बांधत बसला होता. ह्याच पट्ट्यांतनं भट्टीची सगळी वीज जाते.

"पट्ट्यांना?" क्रांतीनं विचारलं. "ओला हार?"

"नवं हाय, पोरी. आतनं नको व्हय पूजा?"

त्याला बदडावं की मिठी मारावी, तिला कळेना. ती मागं गेली. हार काढला, पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसल्या, मीटर लावून पाहिलं, झाकणाचे आठही नट पुन्हा आवळले. त्यात पंधरा मिनिटं गेली आणि मुहूर्तही गेला. मुहूर्ताचं कुणी नाव काढलं नाही. धैर्यशीलच्या हातात हातोडा तसाच होता. तो कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं.

किल्ली ज्याची, कुलूप त्यानंच काढायचं. गुंडूनं सदरा वर करून करदोड्याची गाठ सोडायला घेतली. ओल्या दोऱ्याची गाठ ती, सुटता सुटेना. दातानं सोडवावी तर दात पोटापर्यंत पोचेनात. अखेर वॉचमननं खाली बसून ती सोडवली. माणसं पोट धरून हसली आणि ह्या खेपेला धैर्यशीलही हसला. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि हातोडा खाली ठेवला.

कुलूप निघालं. क्रांती मागं वळली, तर तिनं सांगायच्या आधीच सगळे ओळीनं उभे होते.

"धैर्यशील," मालकानं पहिलं नाव सांगितलं. मग वॉचमननं सांगितलं. एकेक करत नावं पुढं सरकली. गुंडूनं आपलं सांगितलं. ताट सावरत उठलेली म्हातारी सगळ्यात शेवटी उभी होती. "झुंबरबाई," ती म्हणाली.

क्रांतीनं हँडलला हात घातला.

"थांब, पोरी," झुंबरबाई म्हणाली. "गुंड्या, तुझं परत एकदा सांग."